सीएसएमटीजवळच्या छोट्या हॉटेलात राहायचं तर आधी तास विचारा, मग खोली

प्रश्न असा आहे : लातूरहून एक ताई, बारावी झालेली त्यांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई अशा तिघी रात्रीच्या गाडीनं मुंबईला येणार आहेत. मुलीचं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशाचं काम आहे, दोन दिवस लागतील. आजींचे गुडघे दुखतात, पण त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून त्याही सोबत आहेत. सीएसएमटीजवळची हॉटेलं फोटोत काडेपेटीएवढी दिसतात. तिघींना एक खोली पुरेल का, तिथं राहणं सुरक्षित आहे का आणि बुक करताना काय बघायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, जागा तुम्ही बरोबर निवडलीत. जे. जे. स्कूल डी. एन. रोडवरच आहे, स्टेशनातून चालत आठ-दहा मिनिटं. काम टाटा रुग्णालयात असतं तर मी दादर-परळ सांगितलं असतं आणि सीएसएमटीचं नावही घेतलं नसतं. काम जिथं असेल तिथून चालत जाता येईल अशीच खोली घ्यावी. मुंबईत पाहुण्यांचा निम्मा जीव जाण्यायेण्यातच जातो.

मी या भागातल्या छोट्या हॉटेलांत सत्तावीस वर्षं काम करतोय. रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट म्हणून लागलो आणि आता मॅनेजर आहे. सगळी नोकरी फोर्ट, बोरा बाजार आणि पी. डिमेलो रोड एवढ्याच पट्ट्यात झाली. त्यामुळे खाली लिहितोय ते काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

खोली किती मोठी आहे हे सगळे विचारतात. खोली किती वाजता मिळेल आणि किती वाजता सोडायची हे फार थोडे विचारतात, आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात पैसे तिथंच जातात. सोलापूर, कोल्हापूर, लातूर, नागपूर, कोकण असं महाराष्ट्रातून रात्रभर चालून येणाऱ्या बहुतेक गाड्या पहाटे पाच ते सकाळी आठच्या दरम्यान इथं लागतात. हॉटेलाचं चेक-इन मात्र दुपारी बाराचं. रोज सकाळी सहाला माझ्या लॉबीत तेच दृश्य असतं. सोफ्यावर आजोबा बसल्या बसल्या पेंगतायत, पोरं बॅगांवर आडवी झालीयत आणि घरातली बाई काउंटरशी येऊन विचारतेय, "अहो, बुकिंग आहे आमचं, मग खोली का देत नाही?" बुकिंग असतं, पण ते दुपारी बारापासूनचं. रात्रीचा पाहुणा अजून त्या खोलीत झोपलेला असतो.

या भागात दोन पद्धती चालतात. एक बारा ते बाराची. दुसरी चोवीस तासांची, म्हणजे तुम्ही ज्या वेळी खोली घेतली तिथून पुढे चोवीस तास तुमचे. तुमचाच हिशोब करून बघा. समजा सोमवारी सकाळी सातला पोचलात आणि मंगळवारी रात्रीच्या गाडीनं परत निघालात. बारा ते बाराच्या हॉटेलात सकाळी सातलाच खोली हवी असेल तर रविवारची रात्र लावतात. मग सोमवारची रात्र. मंगळवारी बारानंतर संध्याकाळपर्यंत थांबायचं तर आणखी अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचं भाडं. चोवीस तासांच्या हॉटेलात सोमवार सात ते मंगळवार सात हा एक दिवस, आणि मंगळवार सातपासून पुढे दुसरा. रात्री गाडीच्या वेळेपर्यंत खोली तुमच्याच ताब्यात. पहिल्याचं भाडं दोन हजार आणि दुसऱ्याचं अडीच हजार धरलं, तरी पहिल्याकडे तीन दिवसांचे सहा हजार होऊ शकतात आणि दुसऱ्याकडे दोन दिवसांचे पाच हजार. फोनवर पहिलं हॉटेल स्वस्त वाटतं आणि बिल भरताना उलटं निघतं.

म्हणून फोन केल्यावर पहिलं वाक्य हेच बोला : "चेक-आऊट बाराचा आहे की चोवीस तासांचा?" चोवीस तासांचा म्हणाले तर लगेच पुढचं विचारा, की ॲपवरून बुक केलं तरी ही सोय मिळते का. बऱ्याच ठिकाणी ती थेट बुकिंग करणाऱ्यालाच देतात. ॲपवर बाराची वेळ छापलेली असते आणि काउंटरवरचा पोरगा तीच दाखवतो. जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या : तारीख, येण्याची वेळ, सोडण्याची वेळ, माणसं किती आणि सगळं मिळून भाडं किती. एवढ्या पाच गोष्टी लेखी असल्या की सकाळी सातला वाद होत नाही, कारण रात्रपाळी संपवून जाणारा आणि दिवसपाळीला येणारा दोघांनाही तेच वाचता येतं.

फोन नंबरबद्दल मात्र सांभाळा. हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर इंटरनेटवर टाकलेले असतात. समोरचा गोड बोलतो, क्यूआर पाठवतो आणि "आत्ता पैसे टाका, नाहीतर खोली जाईल" अशी घाई करतो. पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर नाव कुणाचं येतंय ते बघा. हॉटेलाच्या किंवा त्या कंपनीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथंच थांबा. मी स्वतः फोनवरून पूर्ण रक्कम कधी मागत नाही, एका दिवसाचा ॲडव्हान्स घेतो. हॉटेल रद्द करण्याची अट सांगत नसेल तर ॲडव्हान्सही देऊ नका.

हॉटेलाआधी रेल्वेच्याच सोयी बघून ठेवा. सीएसएमटीला रिटायरिंग रूम आहेत. त्या आयआरसीटीसीवरून बुक होतात, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं आणि पीएनआर टाकावा लागतो. स्टेशनातून बाहेरच पडायचं नसल्यानं आजींच्या दृष्टीनं ते सगळ्यात सोपं. पण खोल्या मोजक्या, त्यामुळे तारीख पक्की झाली की लगेच बघायला हवं. पॉड हॉटेलबद्दलही, म्हणजे एकेका माणसाला झोपण्यापुरता छोटा कप्पा देणाऱ्या हॉटेलबद्दलही, लोक विचारतात. देशातलं स्टेशनावरचं पहिलं पॉड हॉटेल २०२१मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालं, पुढच्या वर्षी सीएसएमटीलाही झालं. एकट्या माणसाला रात्र काढायला, आंघोळ करून मीटिंगला जायला ते उत्तम. तुमच्यासारख्या तिघींना, त्यात दिवसा आजी आत पडून राहणार असताना, मी सुचवणार नाही. स्वच्छतागृह बाहेर असतं आणि गुडघेदुखीच्या माणसाला रात्री दोनदा उठून तिथवर जाणं जड जातं.

आता खोलीकडे येतो. इथली बरीच हॉटेलं जुन्या इमारतींत आहेत. एकेकाळचं ऑफिस किंवा गोदाम असलेला मजला, त्यात पार्टिशन घालून खोल्या काढलेल्या. छत उंच, खोली अरुंद, असा त्यांचा आकार असतो. शंभर-सव्वाशे चौरस फुटांत पलंग, टीव्ही, कपाट आणि न्हाणीघर बसवलेलं असतं. स्वच्छ असेल तर एवढ्या जागेत दोन माणसं आरामात राहतात. तिघांचं मात्र नीट विचारून घ्यावं लागतं. "डबल बेड" या शब्दावर जाऊ नका, रुंदी विचारा. काही ठिकाणी तो पाच फुटांचा असतो, काही ठिकाणी जेमतेम साडेचार, आणि साडेचार फुटांत दोन मोठी माणसं कुशीवर झोपली तरच मावतात. तिसऱ्यासाठी "एक्स्ट्रा बेड" म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर टाकलेली गादी. ती टाकल्यावर न्हाणीघराचं दार उघडतं का, हे विचारा. तुम्हाला हसू येईल, पण गादी सरकवल्याशिवाय दार उघडत नाही अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. जमिनीवर मुलीला झोपवा आणि आजींना पलंगावर न्हाणीघराच्या बाजूला. मिळत असेल तर तीन सुट्या पलंगांची खोली घ्या, "ट्रिपल" म्हणतात. चार-पाचशे रुपये जास्त लागले तरी दोन रात्री गाडीत काढणाऱ्या माणसाला मधली एक रात्र पाय पसरून झोपायला मिळते.

फोटोंचं म्हणाल तर हॉटेलानं टाकलेले फोटो रुंद लेन्सनं काढलेले असतात. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा आणि त्यात पलंग ते भिंत हे अंतर बघा. तिथं माणूस उभा राहून बॅग उघडू शकेल एवढी जागा दिसली तर खोली पुरेशी आहे. खिडकीबद्दल स्वतंत्र विचारा, कारण दोन प्रकारचे "विंडो रूम" असतात. एक रस्त्याकडे उघडणारी. दुसरी इमारतीच्या मधल्या डकमध्ये, म्हणजे आतल्या उभ्या पोकळीत उघडणारी, जिथं पाइप आणि कबुतरं असतात आणि पावसाळ्यात कुबट वास येतो. आवाजानं झोप मोडत असेल तर पी. डिमेलो रोडच्या अंगाची खोली टाळा. बंदराकडचा रस्ता आहे, रात्रीही ट्रक चालू असतात. रस्त्याकडची खिडकी आणि शांतता दोन्ही इथं क्वचित एकत्र मिळतात. आजी सोबत आहेत म्हणून मी हवा येणारी खिडकी घेईन आणि कानात कापूस घालीन.

आजींसाठी आणखी तीन गोष्टी. लिफ्ट आहे का, एवढं विचारून भागत नाही. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती पायऱ्या, असं विचारा. जुन्या इमारतींत रस्त्यावरून लिफ्टपर्यंत पाच-सात पायऱ्या असतातच, आणि काही ठिकाणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर थांबते. दुसरं, न्हाणीघराचा उंबरा. पार्टिशन घालून केलेल्या न्हाणीघरांत पाइप खालून न्यायचे म्हणून जमीन सहा-आठ इंच वर उचललेली असते. रात्री झोपेत तिथंच ठेच लागते. तिसरं, कमोड वेस्टर्नच आहे ना, आणि गरम पाणी चोवीस तास की सकाळी ठरावीक वेळी. हे प्रश्न विचारताना संकोचू नका. चांगला रिसेप्शनिस्ट खोली क्रमांकासकट उत्तर देतो : "दोनशे चार देतो, तिथं उंबरा नाही." जो प्रत्येक प्रश्नाला "हो हो मॅडम, सब है" म्हणतो, त्याच्याकडे बुक करू नका.

"स्टेशनपासून तीन मिनिटं" हे सगळ्याच हॉटेलांच्या जाहिरातीत असतं. कुठल्या दारापासून, ते विचारा. सीएसएमटीला अठरा फलाट आहेत. एक ते सात लोकलचे, त्यांची बाजू डी. एन. रोडकडे. आठ ते अठरा बाहेरगावच्या गाड्यांचे, आणि अठराच्या पलीकडे पी. डिमेलो रोडचं दार. शिवाय हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे बाहेर पडायला सगळ्यांना गाडीच्या पुढच्या तोंडापर्यंत चालत यावं लागतं. बावीस डब्यांची गाडी म्हणजे पाचशे मीटरच्या वर लांबी. तुमचा डबा मागे असेल तर हॉटेलाची "तीन मिनिटं" सुरू होण्याआधीच आजी अर्धा किलोमीटर चालून दमलेल्या असतील. आरक्षण करताना डब्यांचा क्रम बघा. मागचा डबा मिळाला तर सरळ हमाल किंवा व्हीलचेअर घ्या. दंडावर बिल्ला असलेलाच हमाल घ्या आणि पैसे आधी ठरवा. डी. एन. रोड ओलांडायला भुयारी मार्ग आहे, पण त्याला पायऱ्या आहेत. आजींना घेऊन त्या वाटेनं जाण्यापेक्षा बाहेरून टॅक्सी करा. एवढ्या जवळचं भाडं घ्यायला टॅक्सीवाले नाखूश असतात, म्हणून हॉटेलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की कुणाला तरी दारापर्यंत पाठवा. आमच्याकडे वयस्कर पाहुणा असेल तर आम्ही रूमबॉय पाठवतो. जे हॉटेल पाठवतं, तिथली बाकीची व्यवस्थाही सहसा नीट असते.

स्टेशनाबाहेर कुणी अडवून "ते हॉटेल बंद पडलं, फुल आहे, मी दुसरं दाखवतो" म्हणाला, तर न थांबता पुढे चला. त्या माणसाला प्रत्येक पाहुण्यामागे कमिशन मिळतं आणि ते तुमच्या भाड्यात चढवलेलं असतं.

खोलीत गेल्यावर पहिली पाच मिनिटं बसायचं नाही. बॅगा पलंगावर टाकायच्या नाहीत, गालिचावर ठेवायच्या नाहीत, सरळ न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर ठेवायच्या. मग पलंगाच्या उशाकडचा कोपरा धरून चादर आणि खालचं कव्हर उचला. मोबाइलचा टॉर्च लावा. गादीच्या कडेला जी शिवण असते, दोरीसारखी जाड, ती अंगठ्यानं फाकवून टॉर्च तिरपा धरून बघत जा. शाईचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले, किंवा कांद्याच्या सालीसारखी पातळ फिकट टरफलं दिसली, तर तिथं ढेकूण आहेत. मग पलंगाच्या पाठीची फळी आणि भिंत यांच्या फटीत बघा. ढेकूण दिवसा तिथं बसतात, डोक्यापासून हातभर अंतरावर. ठिपके दिसले तर आवाज न चढवता खाली फोन करा आणि दुसरी खोली मागा. शेजारची किंवा त्याच भिंतीची पलीकडची नको, दुसऱ्या मजल्यावरची मागा, कारण ते पार्टिशनच्या फटीतून सरकतात. ही तपासणी मी नवीन पोरांना कामाच्या पहिल्या दिवशी शिकवतो. ढेकूण घाणेरड्या हॉटेलातच असतात असं समजू नका. रोज पन्नास बॅगा वेगवेगळ्या गाड्यांतून उतरून येतात, त्यांतल्या एकीतून आला तरी पुरे. हॉटेल चांगलं की वाईट, हे सांगितल्यावर ते काय करतात त्यावरून कळतं.

सुरक्षिततेचं तुम्ही खास विचारलंत. तिघी बायका आहात, तर सांगून खोली घ्या : पहिला-दुसरा मजला, लिफ्टच्या जवळ, कॉरिडॉरच्या टोकाची नको. खोली क्रमांक काउंटरवर मोठ्यानं बोलला गेला तर खोली बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. दाराला पाहायचं भिंग आहे का, आतली कडी पूर्ण बसते का, बघा. रात्री कुणी टॉवेल-पाण्याच्या निमित्तानं आलं आणि तुम्ही मागवलं नसेल, तर दार न उघडता खाली फोन लावून विचारा. आणि जिना बघून ठेवा. लिफ्टशिवाय खाली उतरायची वाट कुठं आहे आणि ती चादरींच्या गाठोड्यांनी भरलेली नाही ना, हे स्वतः चालून बघा. जुन्या इमारतीत आग लागली तर तीच वाट कामाला येते. दुसरा जिना भरून ठेवलेलं हॉटेल मला माहीत असेल, तर मी माझ्या बहिणीला तिथं एक रात्रही राहू देणार नाही.

दिवसा तुम्ही दोघी जे. जे.ला जाल तेव्हा आजी एकट्या असतील. तेव्हाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. आता बऱ्याच खोल्यांना कार्ड असतं, दाराजवळच्या खाचेत घातलं की दिवे-पंखा लागतो. तुम्ही जाताना ते कार्ड सोबत नेलंत की मागे आजी अंधारात, उकाड्यात बसतात. चेक-इन करतानाच दुसरं कार्ड मागून घ्या. इंटरकॉमवरून रिसेप्शनला कसा फोन लावायचा ते त्यांच्याकडून एकदा लावून घ्या आणि क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून उशाशी ठेवा.

आणि त्यांना सांगा, दिवसा एकट्या असताना आतली कडी घालू नका. दार ओढलं की बाहेरून बंदच होतं, तेवढं पुरे. यामागे एक प्रसंग आहे. मी काम करत होतो त्या एका हॉटेलात एक आजोबा खोलीत एकटे होते. मुलगा कोर्टाच्या कामाला गेला होता. दुपारी दोनला त्याचा फोन आला, बाबा फोन उचलत नाहीत. आम्ही वर गेलो, दार वाजवलं, आतून बारीक आवाज आला, "पडलोय". मास्टर कीनं कुलूप उघडलं, पण वरची कडी आतून घातलेली. सुतार बोलावून दार तोडायला पंचवीस मिनिटं लागली. आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. ती पंचवीस मिनिटं मी दाराशी बसून त्यांच्याशी बोलत होतो, गाव कुठलं, नातवंडं किती. तेव्हापासून एकट्या वयस्कर पाहुण्याला मी स्वतः जाऊन कडीबद्दल सांगतो. रात्री तिघी एकत्र असाल तेव्हा कडी जरूर लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिघींची मूळ ओळखपत्रं हवीत, नुसती तुमची चालणार नाहीत. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते घेत नाहीत. आधार देताना मास्क केलेलं डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स मागितलीच तर तिच्यावर आडवं हॉटेलचं नाव आणि तारीख लिहून द्या. बिल छापील घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ टक्के होता. म्हणजे २,४०० रुपयांच्या खोलीवर १२० रुपये. जुन्याच दरानं २८८ लावले असतील तर दाखवून द्या. आणि जीएसटी लावला असेल तर बिलावर हॉटेलचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा.

प्रवेशाचं काम म्हणजे तुम्ही बहुधा पावसाळ्यात याल. कागदपत्रांच्या तारखेच्या आदल्या दिवशी पोचा, त्याच दिवशी सकाळी नको. २६ जुलै २००५ला मी काउंटरवर होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे कुलाब्याला फक्त ७३. आमच्या दारात पाणीही साचलं नव्हतं. लोकल का बंद पडल्या हे सुरुवातीला कुणाला कळेना. संध्याकाळी सातपर्यंत खोल्या संपल्या. मग लॉबीत, जिन्यात, ऑफिसात माणसं बसली. मालकानं सांगितलं कुणालाही बाहेर काढायचं नाही, आणि आम्ही रात्रभर चहा केला. तेव्हापासून मी पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, गाडी अडकली तर एक दिवस हाताशी आहे का? बुकिंगही तारीख बदलता येईल असंच घ्या.

काम लवकर आटोपलं तर आजींना सिद्धिविनायकाला नक्की न्या. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते, सीएसएमटीला तिचं स्टेशन आहे आणि त्याच मार्गावर सिद्धिविनायक स्टेशनही आहे. गाडी बदलायची नाही, लिफ्ट आहे, डबा थंड असतो. गुडघेदुखीच्या माणसाला मुंबईत एवढी सोपी वाट पूर्वी नव्हती. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी रांग मोठी असते. लोकलनं कुठं जायचंच झालं तर सकाळी जा. सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते, इथून सुटणाऱ्या गाड्या त्या मानानं मोकळ्या असतात. संध्याकाळी पाचनंतर सगळं उलटं होतं. नाश्त्याला हॉटेलातलं पाव-बटर कंटाळवाणं वाटलं तर जवळच पेरिन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला आहे. पुरी-भाजी गरम मिळते आणि मुलीला आवडेल.

परतीच्या दिवशी चोवीस तासांची खोली असेल तर काही करावं लागत नाही. बाराची असेल तर सकाळीच काउंटरला विचारा, संध्याकाळपर्यंत "डे-यूज"चे किती घेणार. नको असेल तर खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवा, क्लोकरूमपेक्षा ते सोपं पडतं. कुठलंही बरं हॉटेल त्याचे पैसे घेत नाही, टोकन मात्र मागून घ्या. पैसे आणि मुलीची मूळ प्रमाणपत्रं त्या सामानात ठेवू नका. ती पिशवी दोन्ही दिवस तुमच्या खांद्यालाच हवी. गाडीच्या दीड तास आधी हॉटेलात या, आजींना तोंड धुऊन, साडी बदलून घेऊ द्या. लॉबीतल्या स्वच्छतागृहाला कुणी नाही म्हणणार नाही. मग निवांत निघा, मागचा डबा असेल तर पाऊण तास आधी. फलाट पाटीवर उशिरा लागला तरी तो आठ किंवा त्यापुढच्या क्रमांकाचाच असणार, तेव्हा आजींना त्याच बाजूला कडेला बसवून ठेवा.